वरच्या खिडकीची काच

जबाब देणार : शिवणवाल्या काकू (गल्लीत याच नावाने ओळखतात), वय ५२, धंदा शिवणकाम, राहणार गिरणीमागच्या गल्लीतले विटांचे घर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील घरात मी व माझी धाकटी नणंद अशा दोघी राहतो. बाहेरून गिलावा नाही, विटा उघड्या आहेत. विटांमधल्या दरजांतला चुना झिजून आत ओल यायला लागली, म्हणून जुना माल खरवडून दरजा नव्याने भरायचे काम आम्हीच अंगावर घेतले. त्यासाठी दोन घरांमधल्या बोळात उभे राहायला बांबू-फळ्यांची परांची बांधली आहे.

शेजारी निवृत्त मास्तरीणबाई एकट्या राहतात. काम सुरू झाल्यापासून त्या रोज वरच्या खिडकीतून "धूळ तुमच्याकडेच ठेवा" असे बजावत. त्याखेरीज आमचे बोलणे नव्हते.

आज सकाळी मी परांचीवर खरवडत होते. धुळीचा लोट उठला तरी खिडकीतून आवाज नाही. मी म्हटले, "आज बाई गप्प कशा?" नणंद खालून म्हणाली, "बरंय की, कानाला आराम." मला चैन पडेना. फळीच्या टोकाला जाऊन काचेतून डोकावले, तर बाई पलंगाशेजारी जमिनीवर. हाक मारली. डोळे माझ्याकडे वळले, अंग हलले नाही.

नणंद पुढच्या दाराकडे पळाली. आतून कडी होती. मी हातोडीने काच फोडली, आत हात घालून खिटी काढली आणि एक फळी त्यांच्या खिडकीवर टेकवली. नणंद परत आली होती. "वहिनी, खाली बघू नकोस," एवढेच ती म्हणाली. मी पलीकडे गेले.

बाईंचे तोंड एका बाजूला ओढलेले होते. त्यांनी माझी बाही घट्ट धरली. "आलेच," म्हणून ती सोडवून घेतली, जिना उतरून कडी काढली. नणंदेने कोपऱ्यावरचा रिक्षावाला आणला. तिघांनी मिळून बाईंना खाली आणले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "अगदी वेळेत आणलंत." तेव्हा नणंद माझ्या गळ्यातच पडली. आम्ही दोघी चुन्याने माखलेल्या, लोक बघत होते.

दुपारी बाईंचा पुतण्या त्यांच्या घरी आला, त्याला यातले काही ठाऊक नव्हते, त्याने फुटकी काच व फळी पाहून घरफोडीची तक्रार दिली. माझा त्याच्यावर राग नाही. मी घरातला फक्त चष्मा उचलला, तो दवाखान्यात बाईंच्या उशाशी आहे.

नर्सने बाईंना विचारले, "या तुमच्या कोण?" बाई जड जिभेने म्हणाल्या, "घरच्या." मग आम्हाला आत बसू दिले.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात मी खिडकीतून "घुसले" असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून "गेले" असे केले. बाकी सगळे मी सांगितले तसेच आहे.