धरणाखालची गल्ली

मावशी : नाही, मी बसणार नाही. आधी सांग, तो बोर्ड तुझ्या सहीनं लागलाय की नाही?

इंजिनिअर : मावशी, निदान चप्पल तरी काढ. फरशी आत्ताच पुसलीय.

मावशी : 'तलावात पोहण्यास व बांधावर फिरण्यास सक्त मनाई.' खाली तुझा हुद्दा, शाखा अभियंता, लाल अक्षरांत. माझी पोरं टॉवेल खांद्यावर टाकून त्या बोर्डासमोर उभी, आणि मी त्यांना पोहायला शिकवणारी बाई, त्यांच्याइतकीच आ वासून. अरे, तुला मी त्याच पाण्यात तरंगायला शिकवलं, ठोंब्या. माझ्या मानेला मिठी मारून असा बोंबलायचास की काठावरची बदकं उडून जायची.

इंजिनिअर : काय करू? वरून आदेश आला.

मावशी : वरून म्हणजे कुठून? आभाळातून?

इंजिनिअर : मुख्य कार्यालयातून. सार्वजनिक सुरक्षिततेच्या दृष्टीने, खबरदारीचा उपाय म्हणून...

मावशी : ते बोर्डावर वाचलं मी. आता माणसासारखं सांग.

इंजिनिअर : बांधाच्या पायथ्याशी ओल आलीय. मातीचं धरण आहे, थोडं पाझरायचंच. पण वर गर्दी नको. कुणी घसरलं, बुडालं, तर आमच्या अंगाशी येतं.

मावशी : बरं. ओल आलीय म्हणून पोरांनी पोहायचं नाही. आणि उद्या त्याच तलावात नव्या होड्या सुटणार, त्यांचं काय? येताना बघितलं मी, धक्क्याला फुगे बांधत होते. तिकीटखिडकीला पिवळा रंग काढलाय.

इंजिनिअर : तो वेगळा विषय आहे. होड्यांचा ठेका गेलाय. उद्या अध्यक्षसाहेब येणार उद्घाटनाला.

मावशी : म्हणजे चड्डीवर आलं की धोका आणि तिकीट काढून आलं की नाही?

इंजिनिअर : तू उगाच शब्दांत पकडू नकोस गं.

मावशी : पकडणार! ओल आलीय तर पाणी कमी करा. तलावातल्या त्या मनोऱ्यात झडप आहे ना? चाक फिरवलं की पाणी ओढ्याला लागतं, हे तूच मला दाखवलं होतंस, नोकरी लागली तेव्हा. किती मिरवत होतास!

इंजिनिअर : पाणी उतरवलं तर धक्का कोरडा पडतो. होड्या गाळात बसतील. अध्यक्षांनी काय चिखलात उभं राहून फीत कापायची?

मावशी : कापू दे! चांगले गुडघाभर रुतू देत. मी टाळ्या वाजवायला येईन.

इंजिनिअर : आणि ते एकदम उतरवताही येत नाही. भराव पाणी पिऊन जड झालेला असतो. समोरच्या पाण्याचा टेकू झटकन काढला तर आतली बाजूच ढासळते. हळूहळू करावं लागतं, बरेच दिवस लावून.

मावशी : मग हळूहळू करायचं काम लवकर सुरू करायचं, की फीत कापल्यावर?

इंजिनिअर : चहा घेतेस?

मावशी : चहा नको मला. ताई कुठाय? अंगणात तिचं लुगडं वाळत घातलेलं दिसलं.

इंजिनिअर : आई आंघोळीला गेलीय. गुडघा दुखतो तिचा, म्हणून बुधवारी घेऊन आलो. इथून डॉक्टर जवळ पडतो.

मावशी : हो का? मला बहिणीच्या दाराला कुलूप बघून कळलं. शेजारच्या बेकरीवाल्याला विचारलं, तर म्हणाला, मुलगा टेम्पो घेऊन आला होता. गुडघ्याला टेम्पो कशाला लागतो रे?

इंजिनिअर : थोडं सामान होतं.

मावशी : थोडं? ही चादर काढू दे. शिलाई मशीन! आणि मागं हे कपाट. लग्नातलं कपाट आणलंस तिचं? गुडघा दाखवायला जाणारी बाई कपाट घेऊन जाते होय?

इंजिनिअर : मावशी, हळू बोल. आत ऐकू जातं.

मावशी : थांब. ताईचं घर खालच्या गल्लीत. बांधाच्या अगदी पायाशी. ठोंब्या, इकडे बघ. खाली नको, माझ्याकडे बघ. बुधवारी काय झालं?

इंजिनिअर : काही झालं नाही.

मावशी : आईची शपथ घालू?

इंजिनिअर : आधी पायथ्याशी नितळ पाणी यायचं. नितळ असतं तोवर चिंता नसते. बुधवारी सकाळी बघितलं तर गढूळ.

मावशी : गढूळ म्हणजे?

इंजिनिअर : म्हणजे आतली माती पाण्याबरोबर बाहेर येतेय. बांध आतून पोखरला जातोय. वाढेलच असं नाही. कधीकधी थांबतंही.

मावशी : आणि कधीकधी थांबत नाही.

इंजिनिअर : मी लगेच साहेबांना फोन केला, मावशी. लगेच. ते म्हणाले, रविवार पार पडू दे, तोवर बोर्ड लावून टाक.

मावशी : तू बोर्ड लावलास. आणि मग टेम्पो बोलावलास.

इंजिनिअर : ती माझी आई आहे!

मावशी : आणि बेकरीवाल्याची आई कुणाची आहे? अंथरुणाला खिळलेली बाई ती, तिला कूस बदलायला माणूस लागतो. माझी निम्मी पोरं त्या गल्लीत राहतात. त्यांना वर पाण्यात उतरायची बंदी, आणि त्याच पाण्याखाली झोपायला मोकळीक! अरे, लाज कशी वाटली नाही? बोर्ड लावायचाच होता तर खाली लावायचा होतास!

इंजिनिअर : खाली सांगितलं की घबराट होते. लोक रस्त्यावर येतात, धावाधाव, पडापड. आणि समजा काही झालंच नाही? रविवारचा कार्यक्रम बुडवला म्हणून माझी बदली कुठल्या कोपऱ्यात करतील, कल्पना आहे तुला? वर हसं होईल ते वेगळंच.

मावशी : होऊ दे हसं! हसायला माणसं जिवंत तर राहतील!

(आई ओले केस पुसत दारात येऊन उभी राहते.)

आई : नळ बंद करून ऐकत होते मी.

इंजिनिअर : आई, तू बस आधी. ओल्या पायांनी...

आई : म्हणजे माझा गुडघा नव्हताच.

इंजिनिअर : दुखतोच की गुडघा तुझा.

आई : तो तुझ्या लग्नाआधीपासून दुखतोय. तेव्हा नाही डॉक्टर जवळ पडला. मी वेडी, टेम्पोत पुढं बसून गल्लीभर सांगत सुटले, लेकानं न्यायचं ठरवलंय हो. बायका दारात आल्या होत्या मला निरोप द्यायला. बेकरीवाला भट्टी सोडून धावत आला. या कपाटाची दुसरी बाजू कुणी धरली होती?

इंजिनिअर : त्यानं.

आई : जिन्यावरून उतरताना तुम्ही दोघं समोरासमोर होता. त्याचं तोंड तुझ्या तोंडापासून हातभर. काय बोललास त्याच्याशी?

इंजिनिअर : तोंडापर्यंत आलं होतं, आई.

आई : मी विचारलं, काय बोललास?

इंजिनिअर : 'जपून' म्हणालो. 'कोपरा लागेल.'

मावशी : शाब्बास.

आई : तू थांब गं जरा. माझी पिशवी कुठं ठेवलीस?

इंजिनिअर : कशाला?

आई : घरी जाते.

इंजिनिअर : वेड लागलंय का तुला? एवढं सगळं ऐकल्यावर?

आई : ऐकलं म्हणूनच. मी तिथं होते तेव्हा तुझा जीव वरखाली होत होता. मला इकडे आणलंस आणि तुझा प्रश्न सुटला. रात्री छान घोरतोस, शेजारच्या खोलीत ऐकू येतं मला. मला वाटायचं, आई जवळ आहे म्हणून लेकाला शांत झोप लागते! मी परत खाली गेले की बघू तुला झोप लागते का. बघू तुझा हात त्या चाकाकडे जातो का.

मावशी : मीही येते, ताई. एकेक दार वाजवत जाऊ. या काठावरून त्या काठाला पोरांना हाका मारून आवाज तयार झालाय माझा, भोंगा लागायचा नाही.

इंजिनिअर : थांबा. दोघीही थांबा जरा. फोन करू द्या मला. हॅलो, वॉचमनकाका? मनोऱ्याची किल्ली घेऊन निघा. हो, आत्ता. मी पोचतोच. झडप थोडी उघडायची, आणि दोन माणसं पायथ्याशी बसवा, पाण्यावर नजर ठेवायला. नाही, साहेबांना विचारू नका, मी बोलतो त्यांच्याशी. होड्यांचं काय? बसू देत गाळात. आणि जाता जाता शाळेच्या शिपायाला म्हणावं, सगळे वर्ग उघड. खालची गल्ली तिथं हलवतोय.

मावशी : हे बुधवारी जमलं असतं.

इंजिनिअर : माहीत आहे. आई, झालं ना आता? तू इथंच थांब. मी सगळ्यांना बाहेर काढतो.

आई : बेकरीवाल्याच्या आईला तुझी माणसं उचलणार? पोत्यासारखी? तिला कसं धरायचं ते मला माहीत आहे, रोज धरत होते. चल, गाडी काढ.

इंजिनिअर : आई, मी त्याला काय सांगू?

आई : बुधवारी सांगायचं होतंस ते.

इंजिनिअर : आणि त्यानं विचारलं, बुधवारी का नाही सांगितलंस, तर?

आई : तर तेही सांग. मी असेनच तिथं, त्याच्या बाजूला.