ओढ्यापर्यंत वाटाड्या

(बारिओ, सारावाकचा डोंगराळ मुलूख. वडील पानांत मऊ भाताच्या पुड्या बांधतायत. मुलगी सुपांग मिरी शहरातून सुट्टीला आलीय.)

सुपांग : गालिहला सांगून ठेवलंय. उजाडलं की येईल.

बाबा : माझ्याच गावाला जायला मला वाटाड्या?

सुपांग : गाव कसलं आता? नुसतं रान माजलंय. तुम्ही तिथून निघालात तेव्हा पोरगेले होतात.

बाबा : वाट मला पाठ आहे.

सुपांग : परवा अननसाच्या मळ्यातून येताना चुकलात. माणसं शोधायला निघाली.

बाबा : धुकं होतं.

सुपांग : भर दुपारी?

बाबा : दुपारचं धुकं. आणि तो गालिह, पुतण्या असला तरी सवय पर्यटकांना नेण्याची. जरा चढ आला की, 'काका, बसा, पाणी प्या.' रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना कळणार मी किती वेळा टेकलो ते.

सुपांग : कळू दे. आजीच्या थडग्यापाशी जायचं म्हणून किती वर्षं घोकताय, मलाही तुम्हाला न्यायचंय. पण रानात आपण दोघंच आणि तुमचा तो गुडघा. मला भीती वाटते, बाबा.

बाबा : मला तिला हाक मारायचीय गं.

सुपांग : मारा की. गालिह काय तुमचं तोंड दाबणार आहे?

बाबा : आणि कोण आलंय म्हणून सांगू? आपल्या रीतीप्रमाणे तू झालीस तेव्हा माझं नाव बदललं. तुला मुलगा झाला तेव्हा गावजेवण घालून पुन्हा बदललं. तिला यातलं एकही ठाऊक नाही. तिला लहानपणचंच नाव माहीत.

सुपांग : मग तेच सांगा.

बाबा : त्याच्यासमोर? एवढा थेरडा, शाळेतल्या पोरासारखा नाव सांगत उभा. रडलोबिडलो तर?

सुपांग : मलाही ते नाव माहीत नाही.

बाबा : कोणालाच नाही आता. त्या नावानं हाक मारणारे सगळे गेले.

सुपांग : असं करू या का? गालिह ओढ्यापर्यंत. तिथून थडगं हाकेच्या अंतरावर आहे म्हणता ना? तेवढं तुम्ही एकटे जा. मी त्याच्याजवळ चूल पेटवून बसते.

बाबा : त्याच्याही पुड्या बांधतो मग. दोन नाही, चार बांधतो. खादाड आहे मेला.

सुपांग : म्हणजे ठरलं.

बाबा : तो थांबेल ओढ्याशी. तू मात्र चल माझ्याबरोबर.

सुपांग : तुम्हाला एकटंच जायचंय ना?

बाबा : इतक्या वर्षांनी तिनं मला नाही ओळखलं तर? तुझं तोंड अगदी तिच्यासारखं आहे.