कडेने झिजलेलं घर

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या भाडेघर कंपनीचे मालक, व्यासपीठावर विराजमान झालेले सन्माननीय घरमालक, सत्कारमूर्ती तपासनीस साहेब, पहिल्या रांगेत बसूनही खुर्चीला पाठ न टेकवणाऱ्या साहेबांच्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या वहिनी, आणि चहा कधी येतोय याकडे डोळे लावून बसलेल्या बंधुभगिनींनो,

साहेबांविषयी मी काय बोलावं? भाडेकरू जे बोलतात ते इथे बोलण्यासारखं नाही. पण भाडेकरूने सोडलेल्या घरात झीज कोणती आणि नुकसान कोणतं, हे ठरवावं ते साहेबांनीच. मी त्यांच्याच हाताखाली तयार झालो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका भिंतीसमोर उभं केलं. "हा रंग कशाने उडाला?"

"उन्हाने."

"मग झीज. आणि हा?"

"कुणीतरी डोकं टेकून बसत असेल."

"मग नुकसान! उन्हाने करारावर सही केली होती का? याने केली होती."

अध्यक्ष महाराज, आपण मान डोलावलीत. डोलावणारच! या एका सिद्धांताने भाडेकरूंच्या कापलेल्या अनामत रकमांवर आपल्या बंगल्याचा वरचा मजला उभा आहे.

साहेबांच्या मते आदर्श भाडेकरू म्हणजे जो भाडं वेळेवर भरतो आणि राहतो दुसरीकडे. एक आजोबा एकदा वैतागून म्हणाले, "अहो, मग आम्ही घरात तरंगायचं का?" साहेब शांतपणे म्हणाले, "चालेल. छताला हात लावू नका."

फक्त चालण्याच्या बाबतीत त्यांचं मन मोठं. दारापासून खिडकीपर्यंत, खोलीच्या मधून फरशीची झिलई गेली तर माफ. माणूस चालणारच. पण जिथून चालायचं काही कारण नाही तिथे गेली, तर नुकसान.

आता गंमत बघा. साहेब स्वतः कंपनीच्याच घरात राहतात. निवृत्तीनंतरही ते घर भाड्याने ठेवता येतं; तपासणीत नुकसान निघालं, की मात्र बाडबिस्तरा उचलायचा. काल तपासणीला गेलं कोण? अस्मादिक.

घर काय वर्णावं! भिंतीला एक खिळा नाही. कॅलेंडरसुद्धा खुर्चीवर बसवलेलं. मधली फरशी अशी लखलखीत, की तीत माझा चेहरा दिसला. आणि चारही भिंतींलगत मात्र झिलई पार उडालेली. मी विचारलं, "वहिनी, हे काय?"

"भाऊजी, मधली फरशी खराब व्हायला नको म्हणून आम्ही कडेकडेनेच चालतो. मुलं पहिलं पाऊल टाकायला शिकली तीही कडेनेच. भिंतीला न धरता, हं!" मग आवाज खाली करून म्हणाल्या, "आता हे घर सोडावं लागेल का हो?"

मंडळी, मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, साहेबांचा रागही आला. लोकांची घरं सांभाळता सांभाळता या माणसाने स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा संसार केला.

आणि साहेब? ते मागून कडाडले, "बघतोस काय? चालायची जागा सोडून झीज! नुकसान लिही!" वहिनींनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की साहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

मी काय लिहिलं ते आपल्या सर्वांच्या साक्षीने सांगतो. 'सर्वसाधारण झीज. घरात माणसं राहत होती.'

साहेब, बसा, बसा. तपासणी मी केली, शेरा माझा. आणि अध्यक्ष महाराज, आपण मान हलवताय ती होकाराची समजतो. एवढ्या टाळ्यांत नकार ऐकू कुणाला येणार?

वहिनी, आता पुष्पगुच्छ घ्यायला वर या. अहो, खुर्च्यांच्या कडेने काय येताय? मधून गालिचा अंथरलाय तो चालायलाच. हं, या अशा.

मालकांचे, मान्यवरांचे आणि चहा थंड होऊनही जागेवर बसून राहिलेल्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. गुरूच्या निरोपाला शिष्याची जीभ जरा सैल सुटली. मोठ्या मनाने पोटात घाला. आणि साहेब, तुम्ही खाली उतरा बघू. वहिनी गालिच्याच्या मधोमध थांबल्यात. मधून चालायची त्यांना सवय नाही, आणि तुमचीच वाट बघताहेत.