पॅकिंग विभागाचा प्रकल्प

बसमध्ये मागच्या सीटवर भाऊबहीण बोलत होते आणि पुढच्या सीटवरच्या एका नर्सबाईंचे कान तिकडेच लागले होते.

“ताई, आज एमबीएच्या वर्गात काय झालं?”

“आमच्या गटाने माझ्याच कारखान्यावर प्रकल्प केला. पॅकिंग विभाग बंद करा, असं सुचवलं.”

“अगं, तू पॅकिंगलाच आहेस ना?”

“म्हणून तर सगळी माहिती मीच आणली. पहिला नंबर आला.”

“मग तोंड पाडून का बसलीस?”

“आमचे मॅनेजर पाहुणे म्हणून आले होते. उद्या फाईल घेऊन बोलावलंय.”

“थोडे आकडे फिरव की.”

“दुपारपासून तेच बघतेय रे. पण आमचं म्हणणं बरोबर आहे.”

“मग देणार फाईल?”

नर्सबाईंचा स्टॉप आला. त्या उठल्या नाहीत.