कोपराचं मत

कानाच्या दवाखान्यात आजोबांचं यंत्र दुरुस्तीला आत गेलं होतं. त्यामुळे आजी त्यांच्याशी जे बोलत होत्या, ते आम्हां सगळ्यांनाच ऐकावं लागत होतं.

"संध्याकाळी पक्षाची सभा. राष्ट्राध्यक्षपदाला आपला उमेदवार कोण, ते ठरणार. यंत्राविना नावं कशी ऐकू येणार मला?" आजोबांनी विचारलं.

"मी आहे ना! तुमच्या त्या माजी मंत्र्याचं नाव पुकारलं की कोपर मारते. तुम्ही हात वर करा."

"अनुभवी माणूस आहे तो."

"हरण्याचा अनुभव! दोनदा आपटलाय. माझी महापौर बघा, संपात कामगारांमध्ये जाऊन बसली."

"अगं, शहर सांभाळणं वेगळं, देश वेगळा."

"घर सांभाळून बघा, मग बोला."

"बरं. पण गेल्या सभेत यंत्र बंद पडलं आणि तू कोपर मारलंस, तेव्हा नाव कुणाचं होतं?"

"झालं गेलं ते."

"कुणाचं होतं?"

"माझ्या माणसाचं. एका मताने निवडून आला बिचारा."

"लबाड! आणि मी टाळ्या वाजवल्या!"

"किती मनापासून वाजवल्यात!"

आतून परिचारिका आली. "आजोबा, यंत्र उद्या मिळेल."

"काय म्हणतेय?"

"उद्या!"

"मग मी घरीच बसतो. तू जा, जिंकव तुझ्या बाईला."

"आणि जिंकल्यावर चिडवू कुणाला? ते काही नाही, चलायचं. मंत्र्याच्याच नावाला कोपर मारीन."

"शपथ?"

"तुमची शपथ. फक्त बरगडी सांभाळा. मनाविरुद्ध मारायचंय, जोरात लागेल."