मधली भिंत

“काकू, फोन स्पीकरवरून काढता का?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून बसच्या रांगेत मी विचारलंच, तेही खणखणीत!

“थांब गं बाळा! हं, गवंडीदादा, मधली भिंत काय केलीत?”

“पाडली की ताई! घर कसं मोकळं झालं!”

“अहो, आईला दिसत नाही! त्याच भिंतीला हात लावून ती न्हाणीघरात जाते.”

“फोटोवर तुम्हीच लाल फुली मारली होती.”

“ती भिंतीतल्या कपाटावर! मला पोचायला दोन दिवस लागतील. आई कुठंय?”

“पलंगावर. सकाळपासून उठल्याच नाहीत.”

“फोन द्या तिला.”

“नको म्हणतात. दार कुठंय, एवढंच विचारतायत.”

घरी आईबाबा मोबाइलवर आजोबांच्या घरासाठी फरशा निवडत होते.

“फरशीबिरशी राहू दे! उद्या मी आजोबांकडे जातेय. आधी त्यांना घरभर चालताना बघणार, मगच तुम्ही काय ते निवडा.”