जास्तीच्या भाकरी

कावेरीबाई: ते सगळं खरं, पण शेवटाला तुझ्या पदरात काय पडलं ते सांग. माझा एक डोळा झाकलेला हाय, कान दोन्ही उघडे हायत.

सुकन्या: सकाळ पडली, आत्याबाई. अख्खी सकाळ. चहा उकळायला ठेवला तेव्हा कापणीचं मशीन बांधाला लागलं, आणि कपबशा धुवून बाहेर आले तर रान रिकामं. आपलं सोयाबीन घरात. पहाटे उठून टोपलंभर भाकरी नाहीत, दुसरीच्या रानात वाकणं नाही. सगळ्या सुगीत जळकोटच्या शाळेला माझी एक दांडी नाही. मुख्याध्यापक मॅडम विचारायला लागल्या, तुमच्याकडं यंदा पेरलं नव्हतं का.

कावेरीबाई: अन् सावड?

सुकन्या: तीच तर बंद केली.

कावेरीबाई: कुणी?

सुकन्या: मी. आज तुमच्या रानात आम्ही सगळ्या, उद्या आमच्या रानात तुम्ही सगळ्या, तुझी सासू आली नव्हती म्हणून तू ये, मागल्या खेपेला पोर आजारी होतं म्हणून आता भरून दे. किती गुंता तो! आणि तुमचे गुडघे धरले की तुमच्या बदली कोण, तर मी. शाळा बुडवून.

कावेरीबाई: दयानंदला इचारलंस?

सुकन्या: त्यांनीच तर नांदेडहून मशीनवाल्याचा नंबर पाठवला. तुम्ही तिकडं त्यांच्याजवळच होतात, पण आम्ही मुद्दाम नाही बोललो. म्हटलं ऑपरेशनच्या तोंडावर डोक्याला ताप नको.

कावेरीबाई: ऑपरेशन डोळ्याचं होतं, बाई. डोक्याचं नव्हतं.

सुकन्या: रागावलात?

कावेरीबाई: रागवून काय करू, डाक्टरनं वाकू नको, रडू नको, धुरात जाऊ नको म्हणून सांगितलंय. रागावू नको म्हणायचं तेवढं राहिलं. बायकांना काय सांगितलंस?

सुकन्या: आपल्या बायकांचा ग्रुप आहे ना फोनवर, त्याच्यावर टाकलं. यंदापासून आम्ही सावडीत नाही, ज्यानं त्यानं आपापलं बघावं, म्हणजे सगळ्यांनाच सोपं. मला वाटलं आता भांडणं होतील. तर भराभर अंगठे आले. दिपालीनं लिहिलं, आम्ही पण नाही. जगदेवी वहिनींनी लिहिलं, बरं झालं बाई तू बोललीस. सगळ्यांनाच नको होती हो. कुणाचं तोंड उघडत नव्हतं एवढंच.

कावेरीबाई: जगदेवीचं सोड. ती सावडीला आली तरी विळा हातात अन् तोंड दुसरीच्या संसारात. वाढ मला काहीतरी. नांदेडच्या त्या पोळ्या खाऊन खाऊन जीव चपटा झालाय.

सुकन्या: कालची भाकरी आहे, चालेल? अंबाडीची भाजी पण आहे, गरम करते.

कावेरीबाई: तू अंबाडी केलीस?

सुकन्या: मी कुठली. शांतम्मा काकूंनी आणून दिली. काय चव आहे त्यांच्या हाताला! काल शाळेतून आल्यावर मी गॅस पेटवलाच नाही, रात्रीचं आणि आज सकाळच्या डब्याचं, दोन्ही वेळचं भागलं.

कावेरीबाई: शांतम्मानं. किती दिल्या भाकरी?

सुकन्या: चांगली चळत होती. आपल्याच घरी नाही, गल्लीत सगळ्यांना वाटल्या त्यांनी. जास्त झाल्या म्हणाल्या.

कावेरीबाई: ती घरात एकली. पोरगी उदगीरला नांदायली, नवरा जाऊन किती वर्षं झाली. एकलीच्या भाकरी गल्लीभर जास्त होत्यात?

सुकन्या: मी विचारलं ना. काकू, घरी काही कार्यक्रम होता का, म्हटलं. तर हसल्या. न्हाई बाळ, हात चुकला, म्हणाल्या.

कावेरीबाई: काल वार कोणता होता?

सुकन्या: मंगळवार.

कावेरीबाई: मी नांदेडला जायच्या आधी ओट्यावर बसून आमी ठरवलं होतं. आधी रस्त्याकडंची रानं, आपलं, जगदेवीचं, दिपालीचं. अन् मंगळवारी शांतम्माचं. तिचं शेवटाला पिकतंय, नाल्याकाठी गारवा राहातो म्हणून.

सुकन्या: पण मी तर…

कावेरीबाई: ज्याचं रान त्याची भाकरी. सावडीची रीतच हाय ती.

सुकन्या: आत्याबाई, मी ग्रुपवर टाकलं होतं.

कावेरीबाई: तिच्याकडं बटनाचा फोन हाय. लाल बटन अन् हिरवं बटन, तेवढं तिला कळतं. तुझा ग्रुप तिच्या फोनात मावतो का?

सुकन्या: नाही.

कावेरीबाई: तुला ठाऊक होतं?

सुकन्या: होतं.

कावेरीबाई: मंग?

सुकन्या: जाऊन सांगायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण त्यांच्याकडं गेलं की बसा, चहा घ्या, पोरीचं पत्र… म्हणजे फोन आला होता, जावयाचं असं झालं, तसं झालं. तास जातो. आणि त्यात हे सांगायचं, की तुमच्याकडं आम्ही येणार नाही. मला ते तोंडावर बोलवेना. म्हटलं कळेल कुणाकडून तरी.

कावेरीबाई: सगळ्यांनी तसंच म्हटलं असंल. कळंल कुणाकडून तरी.

सुकन्या: मी त्यांच्या भाकरी खाल्ल्या, आत्याबाई. दोनदा. वर म्हटलं, काकू, अशीच चूक परत करा.

कावेरीबाई: असं म्हणालीस?

सुकन्या: हो. त्या म्हणाल्या, करीन की.

कावेरीबाई: हे ताट उचल पुढनं. न्हाई, राहू दे. अन्नाचा काय गुन्हा.

सुकन्या: मशीनवाल्याला फोन लावते. उद्याच्या उद्या त्यांचं काढून टाकू.

कावेरीबाई: कुठून जाईल मशीन? नाल्यातनं बैलगाडी जाताना आडवी होती. अन् तिचं रान म्हंजी दगड मोजावं की झाडं, अशातलं.

सुकन्या: मग मजूर लावते. मजुरी मी देते.

कावेरीबाई: टोळ्या गेल्या नायगावकडं. अन् मिळाल्या तरी तिला काय म्हणशील? एवढी वर्षं माझ्या रानात वाकलीस, ही घे तुझी मजुरी? दयानंदच्या वेळी मी बाळंतीण होते तवा माझी खुरपणी तिनं काढली. मी तिला बदल्यात मजुरीची बाई लावून दिली नव्हती तवा, अन् तिनं मागितली नव्हती.

सुकन्या: मग ग्रुपवरच टाकते. सगळ्यांना बोलावते. थांबा. उद्या पहाटे शांतम्मा काकूंच्या रानात. भाकरी माझ्याकडं. झालं. बघा, दिपालीनं लगेच वाचलं.

कावेरीबाई: काय म्हणती?

सुकन्या: बघते, म्हणते. जगदेवी वहिनी म्हणतात, जमलं तर येते. एकीचा अंगठा आला.

कावेरीबाई: अंगठ्यानं सोयाबीन कापत न्हाईत. चार बोटं पण लागत्यात.

सुकन्या: येतील हो. काकूंच्या भाकरी सगळ्यांनीच खाल्ल्यात.

कावेरीबाई: खाल्ल्यात म्हणूनच येणार न्हाईत बहुतेक. तू मात्र दहिवर हाय, शेंगा ओल्या हायत तवर पोच. ऊन लागलं की वाळल्या शेंगा हात लावायच्या आधी फुटत्यात. अन् पीठ जास्तीचं मळ. न जाणो, तुझं खरं निघालं तर.

(दुसऱ्या दिवशी, दिवस उगवायच्या आधी. नाल्याकाठचं शांतम्माचं रान.)

शांतम्मा: कोण हाय तिकडं? सुकन्या? कामून आलीस, बाळ? अक्काच्या डोळ्याला काय झालं का?

सुकन्या: नाही, काकू. आत्याबाई बऱ्या आहेत. मी कापायला आले.

शांतम्मा: अन् शाळा?

सुकन्या: रजा टाकली.

शांतम्मा: एवढी शिकलेली बाई, अन् विळा उलटा धरलायस. हां, असा. खालून धर, मुठीत. ओढू नको, हळू काप. ओली हाय तवर शेंग गप बसती.

सुकन्या: काकू, मंगळवारचं…

शांतम्मा: ती पट्टी तुझी, ही माझी. बोलत बोलत काप. माझ्या कानाला काम न्हाई, हाताला हाय.

सुकन्या: सावड मी मोडली. सगळ्यांना कळवलं, आणि तुम्हाला तेवढं नाही कळवलं.

शांतम्मा: ठाऊक हाय. दिपालीच्या पोरानं सांगितलं, भाकरी द्यायला गेले तवा. आईच्या फोनात वाचलं म्हणाला.

सुकन्या: म्हणजे आमच्याकडं आलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?

शांतम्मा: तुझं घर शेवटाला लागतं की.

सुकन्या: मग तरी मला भाकरी दिल्यात?

शांतम्मा: निम्म्या गल्लीला वाटल्या अन् तुझंच दार चुकवलं, तर उद्या बायका काय म्हणल्या असत्या? शांतम्मा रुसली. मला या वयात रुसायला येळ हाय का?

सुकन्या: तुम्ही मंगळवारी इथं किती वेळ बसलात?

शांतम्मा: बसले थोडी. तिथं, त्या बाभळीखाली. भाकरीचं टोपलं सावलीत ठेवलं, पाण्याची घागर ठेवली. तुमची रानं मशीननं निघाली ते दिसलं होतं, पण माझ्याकडं मशीन येत न्हाई, म्हटलं माझ्या मंगळवारी तरी बायका येतील. दिवस वर आला तरी कुणी येईना. मंग मला वाटलं, गावात कुणी गेलं.

सुकन्या: गेलं म्हणजे?

शांतम्मा: वारलं. एवढ्या बायका एकाएकी येईनात म्हंजी दुसरं काय असंल? अन् गावात माती पडली असली की मढं उचलेपर्यंत रानाला विळा लावत न्हाईत. म्हणून मी पण कापाय लागले न्हाई. एकलीनं कापलं असतं तरी चार ओळी निघाल्या असत्या त्या दहिवरात. पण म्हटलं, कुणाच्या घरात रडणं चालू, अन् मी इकडं सोयाबीन करत बसले, बरं दिसत न्हाई.

सुकन्या: मग?

शांतम्मा: मंग टोपलं तसंच ठेवून गावात गेले. कुणाच्या दारात माणसं जमलीत ते बघत. म्हातारा केरबा लई दिवस अंथरुणावर हाय, पहिलं त्याच्याच दारात गेले. तर केरबा उठून बसलेला, चहा पिऊन राहिला. मला म्हणला, कामून आलीस? आता त्याला काय सांगू, तुझ्या मातीला आले?

सुकन्या: काकू, हसू नका ना.

शांतम्मा: तू पण हसलीस की आता.

सुकन्या: मला हसू नाही येत.

शांतम्मा: मंग सगळ्यांच्या दारावरनं गेले. जगदेवी केस विंचरत होती. दिपाली टीव्ही बघत होती. तुझी गाडी दारात नव्हती, शाळेला गेली असशील. कुणी मेलं नव्हतं. तवा कळलं. परत रानात आले तर ऊन डोक्यावर, अन् शेंगा तडतड फुटायला लागलेल्या. लाह्या फुटाव्या तशा. ऐकत बसले जराशी.

सुकन्या: किती गेलं?

शांतम्मा: ती वरची पट्टी समदी. खाली बघ, पायाखाली. पिवळं दिसतंय ना? ते माझंच हाय.

सुकन्या: मी वेचते. कापून झालं की सगळं वेचते.

शांतम्मा: मातीतलं वेचायला पाखरं हायत. तू उभं हाय ते काप.

सुकन्या: मला वाटलं होतं, काम कमी केलं मी.

शांतम्मा: तुझं कमी झालंच की. झालं न्हाई का?

सुकन्या: झालं.

शांतम्मा: मंग. खोटं कशाला बोलावं. पण ते गेलं कुठं म्हणशील तर इथं नाल्याकाठी येऊन बसलंय. बघ, वाकून वाकून ओळखीचं वाटंल.

सुकन्या: काकू, मला एकदा रागवा तरी.

शांतम्मा: रागावले तर तुला बरं वाटंल, बाळ. अन् तुला बरं वाटावं म्हणून मी परवा पण काही केलं न्हाई, आज पण करायचे न्हाई. काप.

सुकन्या: कापते.

शांतम्मा: बोट सांभाळ.

सुकन्या: ऊन आलं की हो.

शांतम्मा: आलं. आता हात लावू नको. बघ, फुटली. बस सावलीत. आजचं झालं.

सुकन्या: एवढंच निघालं? अजून तर निम्मं उभं आहे.

शांतम्मा: दोघीत एवढंच निघतं. समद्याजणी असल्या असत्या तर आज झेंडूचं फूल लावून खळं केलं असतं.

सुकन्या: मी उद्या येते. परवा पण येते. संपेपर्यंत येते.

शांतम्मा: पहाटे उठावं लागंल.

सुकन्या: उठते.

शांतम्मा: ये मग. त्या टोपल्यात काय आणलंस एवढं झाकून? डोक्यावरनं उतरवताना मान मोडत होती तुझी.

सुकन्या: भाकरी. आणि पिठलं. काल ग्रुपवर सगळ्यांना बोलावलं होतं. बघते म्हणाल्या, जमलं तर येते म्हणाल्या. म्हटलं, आल्या तर कमी पडायला नकोत.

शांतम्मा: कवा उठली होतीस?

सुकन्या: कोंबडा आरवायच्या आधी.

शांतम्मा: अन् कापता कापता सारखी वाटेकडं बघत होतीस, ते त्याच्यापायी होय. मला वाटलं, पळून जायचा इचार हाय. दे इकडं एक. जाड झालीय.

सुकन्या: मला पातळ येत नाही.

शांतम्मा: जाडच बरी, भूक लागलीय. तू पण खा.

सुकन्या: खाते, काकू. आणि एवढ्या उरल्या. यांचं काय करू आता?

शांतम्मा: घेऊन जा अन् गल्लीत वाट. जगदेवीला दोन जास्त दे, तिला आवडत्यात.

सुकन्या: आणि कुणी विचारलं, एवढ्या कशा केल्यास म्हणून?

शांतम्मा: हात चुकला म्हणावं.